नऊ हजारांचा डिटेक्टर आणि नऊशे डॉलरची बचत

मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या टार्नीटहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ४१, आयटीत नोकरी, पगार वर्षाला १ लाख २० हजार डॉलर. पत्नी चाइल्डकेअरमध्ये अर्धवेळ काम करतात, त्यांचे ४२ हजार. मुलं नऊ आणि सहा वर्षांची. घराचं कर्ज ६ लाख २० हजार, व्याज सहा टक्के. ते लिहितात :

"गेल्या हिवाळ्यात मित्राबरोबर डुनॉलीला सोनं शोधायला गेलो होतो. माझ्यासमोर त्याला दोन ग्रॅमचा खडा सापडला. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. चांगला डिटेक्टर नऊ हजारांचा आहे. महिन्यातून दोनदा गेलो, दर वेळी दोन ग्रॅम मिळाले, तर सव्वा वर्षात पैसे वसूल होतात. शुगर बॉर्डरवर आली आहे, त्यामुळे चालणंही होईल. पैशांसाठी भारतातली एक पॉलिसी मोडायचा विचार आहे, सव्वाचार लाख मिळतील. शिवाय, भारतात पॉलिसी आहेच म्हणून गेल्या वर्षी सुपरमधला, म्हणजे इथल्या निवृत्तिनिधीतला, विमा बंद केला, त्याचे वर्षाला नऊशे डॉलर वाचतात, तेही यात घालीन. दुकानदार दोन वर्षं बिनव्याजी हप्तेही देतो. पॉलिसी मोडू की हप्ते घेऊ?"

नमस्कार. दोन्ही नको. यंत्राचा हिशेब पटकन उरकतो, कारण मला बोलायचं आहे ते त्या नऊशे डॉलरवर.

तुमचा हिशेब असा : २५ फेऱ्या, प्रत्येकी २ ग्रॅम, म्हणजे वर्षाला ५० ग्रॅम. ग्रॅमला १५० डॉलर धरले तर साडेसात हजार. भाव रोज हलतो, गोल आकडा म्हणून मीही दीडशेच धरतो. चूक त्या दोन ग्रॅममध्ये आहे. तुम्ही एका फेरीत एकाला मिळालेला खडा पाहिलात आणि तो २५ ने गुणलात. त्याच दिवशी तुम्हाला किती मिळालं, ते पत्रात नाही. मी स्वतः सहा वर्षं मेरीबरो, टार्नागुला, वेडरबर्न भागात फिरतो आहे. पहिल्या वर्षभरात मला चौकोनी खिळे, शिशाच्या गोळ्या आणि बुटांच्या टाचांचे तुकडे मिळाले. सोनं दोनदा, आणि दोन्ही मिळून एक ग्रॅमसुद्धा नव्हतं. नवशिक्यासाठी फेरीमागे ०.३ ग्रॅम धरणं हेसुद्धा मी उदारपणे करतो. म्हणजे वर्षाला साडेसात ग्रॅम, अकराशे डॉलर. टार्नीट ते डुनॉली जाऊन-येऊन साडेतीनशे किलोमीटर. पेट्रोल आणि खाणं मिळून फेरीला पंच्याऐंशी डॉलर, वर्षाला एकवीसशे. यंत्र फुकट मिळालं तरी वर्षाला हजार डॉलर खिशातूनच जातात.

आणखी एका बाजूने बघा. याच दीडशेच्या भावाने नऊ हजारांत साठ ग्रॅम सोनं विकत येतं. तेवढं जमिनीतून काढायला फेरीमागे ०.३ ग्रॅमने दोनशे फेऱ्या, म्हणजे आठ वर्षं.

२०२३ मध्ये आपल्याच राज्यात, व्हिक्टोरियात, एकाला ४.६ किलोचा दगड सापडला, त्यात २.६ किलो सोनं निघालं, किंमत २ लाख ४० हजार डॉलर. ही बातमी तुमच्या मित्रानेही सांगितली असणार. त्याच्या हातात जे यंत्र होतं ते बाराशे डॉलरच्या आसपासचं होतं. १९८० मध्ये किंगोवरजवळ सत्तावीस किलोचा 'हँड ऑफ फेथ' डिटेक्टरवर सापडला, तेव्हाची यंत्रं तर आजच्या मानाने साधीच. जवळच्याच मोलियागुलमध्ये १८६९ साली जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स यांना 'वेलकम स्ट्रेंजर' मिळाला, बहात्तर किलोचा, जमिनीखाली जेमतेम दोन बोटं. डुनॉलीत तेवढा मोठा काटा नव्हता, म्हणून तो ऐरणीवर फोडून तोलावा लागला. अशा घटना घडतात, आणि म्हणूनच लोक त्या भागात अजून जातात. पण घराच्या अंदाजपत्रकात त्यांची रक्कम शून्यच लिहायची.

बिनव्याजी हप्त्यांबद्दल एवढंच : मुदत संपताना बाकी राहिली तर त्यावर वीस टक्क्यांच्या वर व्याज लागतं, आणि बहुतेक ठिकाणी दरमहा खात्याचं शुल्क वेगळं असतं. छंदासाठी कर्ज काढू नका.

आता ते वाक्य. "भारतात पॉलिसी आहेच म्हणून सुपरमधला विमा बंद केला."

पत्राबरोबर तुम्ही कागद जोडलेत, त्यावरून लिहितो. सुपरमधल्या विम्यात मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास ४ लाख डॉलर मिळणार होते. भारतातल्या पॉलिसीचं संरक्षण २० लाख रुपये आहे. डॉलरला ५५ रुपये धरले तर ३६ हजार डॉलर. तुमचा घराचा हप्ता महिन्याला ३,७०० आहे. म्हणजे तुमच्या माघारी ही पॉलिसी घराचे दहा हप्ते भरेल. अकराव्या महिन्यापासून तुमच्या पत्नीने ४२ हजारांच्या पगारातून वर्षाला ४४ हजारांचे हप्ते भरायचे आहेत, दोन मुलांसह. आणि अपंगत्वासाठी त्या पॉलिसीत काहीच नाही. कागद दोनदा वाचला, नाही.

आता तीही मोडून तुम्ही यंत्र घेणार आहात. तसं केलंत तर त्या दिवशी तुमच्या कुटुंबाच्या पाठीशी विम्याचा एक डॉलरही राहणार नाही. तुम्ही हे दोन निर्णय वर्षभराच्या अंतराने घेत आहात, म्हणून ते तुम्हाला एकत्र दिसले नाहीत.

आणि ती बचत? सुपरमधला विम्याचा हप्ता सुपरच्या पैशातूनच कापला जात होता. तो थांबल्यावर नऊशे डॉलर तुमच्या बँकेत आले नाहीत, सुपरमध्येच राहिले, आणि ते साठीच्या आधी तुम्हाला काढता येणार नाहीत. यंत्रात घालायला ते पैसे मुळात नाहीतच. चार लाखांचं संरक्षण सोडून हाती काय आलं, तर पंचवीस एक वर्षांनी निवृत्तीत पडणारी थोडी भर.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती तुमच्या शुगरची. सुपरमध्ये आपोआप मिळालेल्या त्या विम्याला कुणी तब्येतीचे प्रश्न विचारले नव्हते. नवा विमा घेताना विचारतील, रक्ताचे अहवाल मागतील, आणि कदाचित हप्ता वाढवतील. तरी घ्यायचाच. फॉर्मवर शुगर लपवू नका. नेमका दावा करायच्या वेळी ते बाहेर येतं आणि तेव्हा उत्तर द्यायला तुम्ही नसता. सोमवारी आधी सुपर फंडाला फोन करून विचारा की जुना विमा परत चालू होतो का. वर्ष उलटलं आहे, बहुधा नाही म्हणतील, पण पहिला फोन तोच. नाही म्हणाले तर त्याच फंडात नव्याने अर्ज करा आणि बाहेरून एक-दोन दर मागवा.

किती रकमेचा? कर्ज ६ लाख २०. पत्नीचा पगार धरूनही घरखर्चात वर्षाला पंचवीस एक हजार कमी पडतील, धाकटा वीस वर्षांचा होईपर्यंत चौदा वर्षं, म्हणजे साडेतीन लाख. एकूण ९ लाख ७०. त्यातून सुपरमधले १ लाख ४० वजा. उरले सव्वाआठ लाखांच्या वर. साडेआठ लाखांचा घ्या, अपंगत्वासह. हजार-दीड हजार वार्षिक हप्ता धरून चाला, शुगरमुळे अधिक लागला तर द्या. पत्नीच्या सुपरमध्ये विमा चालू आहे का तेही त्याच दिवशी बघा. आणि दोघांनीही सुपरमध्ये बंधनकारक नामांकन भरा. नुसतं नाव सुचवून ठेवलं तर फंडावर ते बंधन नसतं.

आता पॉलिसी. चुलतभावाने विकली, असं तुम्ही लिहिता. त्याच्यावर रागवून उपयोग नाही, पण आकडे बघा. वर्षाला २ लाख, दहा वर्षं, विसाव्या वर्षी ४५ लाख. "सव्वादोन पट, करमुक्त, गॅरंटीड." तुमचे वीस लाख सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतात, तेवढ्या काळात सव्वादोन पट म्हणजे वर्षाला पाच टक्क्यांपेक्षा किंचित जास्त. रुपयांत. तुम्ही डॉलरमध्ये सहा टक्क्यांनी कर्ज फेडत असताना कुणीतरी तुम्हाला रुपयांत पाच टक्क्यांवर बचत करायला लावली, आणि तिला विमा म्हटलं. परदेशातल्या माणसाला अशी पॉलिसी विकणं चूकच आहे, आणि दर दिवाळीच्या सुट्टीनंतर मला अशी तीन-चार पत्रं येतात.

चार हप्ते भरून झाले आहेत, म्हणून आता मोडण्यापेक्षा पेड-अप करणं बहुधा बरं. म्हणजे पुढचे हप्ते थांबतात आणि भरलेल्या चार हप्त्यांच्या प्रमाणात रक्कम विसाव्या वर्षी मिळते. जास्तीत जास्त १८ लाख, अटींप्रमाणे कमीही असेल. उरलेले सहा हप्ते भरून तुम्ही १२ लाखांचे २७ लाख कराल, तो परतावा सहा टक्के पडतो, रुपयांत. तेच पैसे इथल्या ऑफसेट खात्यात, म्हणजे घराच्या कर्जाला जोडलेल्या आणि शिलकीइतकं त्याचं व्याज वाचवणाऱ्या खात्यात, ठेवलेत तर सहा टक्के डॉलरमध्ये वाचतात, त्यावर कर नाही, आणि लागतील तेव्हा काढता येतात. कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा : आज मोडल्यास किती, पेड-अप केल्यास सोळा वर्षांनी किती. दुसरा आकडा चौदा-पंधरा लाखांच्या खाली असेल तर मोडा आणि सगळं ऑफसेटमध्ये टाका. यात रुपया वर्षाला दोन टक्क्यांनी घसरेल असं मी धरलं आहे.

मात्र क्रम चुकवू नका. नवा विमा मंजूर झाल्याचं पत्र हातात येईपर्यंत जुन्या पॉलिसीला हात लावायचा नाही. वीस लाख थोडे आहेत, पण सध्या तेवढेच आहेत.

हप्ता पुण्यातल्या जुन्या बचत खात्यातून कापला जातो, असं तुम्ही सहज लिहून गेलात. परदेशात स्थायिक झाल्यावर ते खातं साधं ठेवता येत नाही, एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं रुपयांतलं खातं, करून घ्यावं लागतं. त्यावरचं व्याज ऑस्ट्रेलियातल्या विवरणपत्रातही दाखवायचं असतं. मागच्या वर्षांत दाखवलं नसेल तर अकाउंटंटकडून दुरुस्ती करून घ्या. स्वतःहून केलेली दुरुस्ती सोपी जाते.

थांबलेल्या प्रीमियमचे वर्षाला ३,६०० डॉलर सुटतात. त्यातून विम्याचे दीड हजार. उरले एकवीसशे, आणि त्यातले हजार मी आनंदाने तुमच्या छंदाला देतो. पत्रात चालण्याचं जे लिहिलंत ते मला मनापासून पटलं; त्या आयर्नबार्क निलगिरीच्या रानात सकाळ घालवणं शुगरलाही चांगलं आणि मनालाही. आधी 'मायनर्स राइट', म्हणजे सोनं शोधायचा परवाना, काढा. तीस डॉलरच्या आसपास खर्च, दहा वर्षं चालतो, सापडलेलं सोनं तुमचं. या कागदाला इतिहास आहे. बॅलराटच्या खाणकामगारांना सुरुवातीला महिन्याला तीस शिलिंग परवाना भरावा लागे, सोनं मिळो न मिळो. डिसेंबर १८५४ मध्ये तिथल्याच युरेकाला परवान्यावरून रक्त सांडलं आणि पुढच्या वर्षी वर्षाला एक पौंडाचा हा हक्क आला. राष्ट्रीय उद्यानं बहुतांशी बंद असतात, खासगी जमिनीवर मालकाची परवानगी लागते, आणि खणलेला खड्डा बुजवूनच निघायचं.

यंत्र पहिले काही महिने भाड्याने घ्या, किंवा हजार-बाराशेचं साधं घ्या. त्या भागात लोहयुक्त दगड फार, साधं यंत्र तिथे उगाच वाजत राहतं, हे खरं. महाग यंत्राचा फायदा तिथेच आहे. पण कोणता आवाज खणण्यासारखा आणि कोणता सोडण्यासारखा, हे कान तयार झाल्याशिवाय महाग यंत्रही सांगत नाही. वर्षाने हौस टिकली तर जुन्या बाजारात मोठं यंत्र बघा. कराची चिंता नको : छंद म्हणून सापडलेलं थोडंफार सोनं विकलं तर त्यावर सहसा आयकर नाही, आणि म्हणून पेट्रोल-यंत्राचा खर्चही वजा मागता येत नाही.

शेवटी तुम्ही लिहिता की दिवाळीत यंत्र गावी नेऊन वाड्यामागे फिरवायचं आहे, आजोबांनी पुरलेलं काही आहे म्हणतात. ते करू नका. भारतात १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर शिक्षा आहे, जमीन स्वतःची असली तरी. शंभर वर्षांहून जुनी वस्तू निघाली तर १९७२ चा पुरावस्तू कायदा वेगळा. व्हिक्टोरियातला कागद तिथे चालत नाही.

सुपर फंडाला फोन केल्यावर काय म्हणाले ते मला कळवा. विमा मंजूर झाला की माझं जुनं यंत्र एक महिना घेऊन जा, मोलियागुलच्या रस्त्याला कुठून सुरुवात करायची ते मी नकाशावर दाखवीन.