व्हीलॅन राहिले, पण पोर्टची सेटिंग गेली: सिस्को स्विचवर असं का होतं?

तुम्ही लिहिलंय की सिस्कोच्या कॅटॅलिस्ट २९६० स्विचवर व्हीलॅन (म्हणजे एकाच स्विचवर पाडलेली वेगवेगळी नेटवर्क) १० आणि २० बनवले, पोर्ट त्यांत टाकले, सगळं नीट चाललं. रात्री लाईट गेली. सकाळी बघता तर दोन्ही व्हीलॅन जागेवर आणि पोर्ट मात्र सगळे परत मूळच्या व्हीलॅन १ मध्ये. स्विच बिघडलाय का?

नाही, स्विच ठणठणीत आहे. कॉन्फिग, म्हणजे केलेली सेटिंग, सेव्ह करायची राहिलीय, एवढंच. तरी व्हीलॅन वाचले, म्हणूनच हा घोळ कळायला अवघड जातो.

तुम्ही कमांड देऊन एंटर मारलं की ती लगेच लागू होते आणि रनिंग-कॉन्फिगमध्ये जाते. ही रॅममध्ये असते, वीज गेली की पुसली जाते. चालू होताना स्विच वाचतो ती स्टार्टअप-कॉन्फिग. २९६० वर ती फ्लॅशमध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, 'कॉन्फिग डॉट टेक्स्ट' नावाने पडलेली असते. पोर्ट कुठल्या व्हीलॅनमध्ये आहे ते या कॉन्फिगमध्ये लिहिलं जातं. खुद्द व्हीलॅनची यादी मात्र 'व्हीलॅन डॉट डॅट' या वेगळ्या फाइलमध्ये जाते. व्हीटीपी (स्विचेसमध्ये व्हीलॅनची यादी सारखी ठेवणारा प्रोटोकॉल) सर्व्हर मोडमध्ये असेल, म्हणजे तुम्ही काही बदललं नसेल तर, व्हीलॅन बनवायच्या मोडमधून बाहेर पडलात की ही फाइल आपोआप लिहिली जाते.

उपाय एका ओळीचा: 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग'. फाइलचं नाव विचारेल, नुसतं एंटर मारा. जुनी मंडळी 'राइट मेमरी' देतात, काम तेच.

व्हीलॅन डॉट डॅट या फाइलचा उलटा फटकाही बसतो. जुना स्विच कोरा करायला लोक स्टार्टअप-कॉन्फिग पुसणारी 'राइट इरेज' कमांड देतात आणि निश्चिंत होतात. ती फाइल तशीच राहते, तिच्यातला व्हीटीपीचा रिव्हिजन नंबरही (यादी बदलली की वाढणारा नंबर). हा स्विच त्याच व्हीटीपी डोमेन नावाच्या नेटवर्कमध्ये ट्रंकवर (अनेक व्हीलॅन वाहून नेणाऱ्या जोडणीवर) लावला आणि त्याचा नंबर मोठा निघाला, तर तिथल्या बाकी स्विचेसचे व्हीलॅन उडू शकतात. म्हणून ती फाइल फ्लॅशमधून वेगळी डिलीट करून मगच रीलोड द्या.

बॅकअपचंही विचारलंत. लॅपटॉपवर टीएफटीपी (नेटवर्कवरून फाइल पाठवायची साधी पद्धत) सर्व्हर चालवा आणि 'कॉपी रनिंग-कॉन्फिग टीएफटीपी' द्या. अडलं तर आधी लॅपटॉपची फायरवॉल बघा, टीएफटीपी वापरतो तो यूडीपी ६९ हा पोर्ट बहुतेक तिथेच अडकतो. टीएफटीपीला पासवर्ड नसतो आणि फाइल उघडी जाते, त्यामुळे शक्य असेल तिथे मी पासवर्ड मागणारी, फाइल एन्क्रिप्ट करून पाठवणारी एससीपीच वापरतो.

बॅकअप परत घेताना एक ध्यानात ठेवा. टीएफटीपीवरून रनिंग-कॉन्फिगवर कॉपी केली तर जुन्या ओळी चालू कॉन्फिगमध्ये मिसळतात, तिची जागा घेत नाहीत. नंतर वाढवलेलं तसंच उरतं. हुबेहूब जुनी स्थिती हवी असेल तर 'कॉन्फिगर रिप्लेस' वापरा, नाहीतर बॅकअप थेट स्टार्टअप-कॉन्फिगवर कॉपी करून रीलोड द्या. रीलोडच्या वेळी बदल सेव्ह करू का असं विचारलं, तर उत्तर 'नो'. 'येस' म्हणालात तर आत्ताच आणलेला बॅकअप पुसला जाईल.