दोन मॅरेथॉनमधले सहा आठवडे

पुण्याची मॅरेथॉन परंपरेने डिसेंबरच्या पहिल्या रविवारी येते आणि मुंबईची जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. दोन्ही शर्यती धावणाऱ्यांच्या हाती मध्ये सहा, फार तर सात आठवडे उरतात. या काळाविषयी खानदेशातील वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी पाच येथे घेतले आहेत.

प्रश्न : मी धुळ्यात शिक्षक आहे, वय ४१. पुण्यात ४ तास ४० मिनिटांत पूर्ण मॅरेथॉन धावलो. पाचव्या दिवशी पायांचे दुखणे पूर्ण थांबले. आता लगेच सराव सुरू करावा का? मुंबईपूर्वी ३२ किलोमीटरचे किती लाँग रन (सरावातल्या लांब पल्ल्याच्या धावा) करावेत?

उत्तर : ३२ किलोमीटरचा एकही करू नये. आपण पुण्यात ४२.१९५ किलोमीटर धावलात, तोच आपला मुंबईसाठीचा सर्वांत मोठा लाँग रन होता, असे समजावे.

दुखणे थांबले म्हणजे स्नायू भरून आला असे नव्हे, आणि बहुतेक धावपटू नेमके येथेच फसतात. मॅरेथॉननंतरची ठणक साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते आणि आठवडाभरात ओसरते. परंतु हजारो पावलांच्या धक्क्यांनी स्नायूंच्या तंतूंना पडलेल्या सूक्ष्म चिरा भरून त्यांची मूळ ताकद परत यायला दोन ते तीन आठवडे लागू शकतात. स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरांना रक्तपुरवठा कमी असल्यामुळे त्या त्याहूनही सावकाश सावरतात. हे मी स्वतःच्या पोटरीवर शिकलो आहे. काही वर्षांपूर्वी, शर्यतीनंतर आठव्या दिवशी, पाय हलके वाटतात म्हणून मी जळगावच्या मेहरूण तलावाच्या कडेने नेहमीच्या वेगाने धावायला निघालो. चौथ्या किलोमीटरला उजव्या पोटरीत मागून कोणी खडा मारावा तशी कळ आली, मी वळूनही पाहिले, मागे कोणी नव्हते. पुढची शर्यत मी रस्त्याच्या कडेला उभा राहून पाहिली.

म्हणून पहिला आठवडा फक्त चालण्याचा आणि झोपेचा ठेवावा. दुसऱ्या आठवड्यात एक चाचणी घ्यावी : शाळेचा जिना कठड्याला हात न लावता उतरावा. मांडी थरथरली किंवा गुडघा सुटल्यासारखा वाटला, तर आणखी तीन दिवस थांबावे. जिना नीट उतरता आला, तर त्या आठवड्यात तीन वेळा, अर्धा तास, गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने धावावे. तिसऱ्या आठवड्यात आपल्या नेहमीच्या साप्ताहिक अंतराच्या निम्मे करावे. चौथ्या आठवड्याच्या शेवटी २२ ते २४ किलोमीटरचा एकच लाँग रन, पाचव्यात फार तर १५, आणि सहाव्यात पायांनी गती विसरू नये एवढेच. दहा-बारा दिवस विश्रांती घेतल्याने कित्येक महिन्यांत कमावलेला दमसास फारसा घटत नाही. घाईने ओढवलेल्या दुखापतीने मात्र पुढचे तीन महिने जाऊ शकतात.

प्रश्न : मी भुसावळला रेल्वेत नोकरी करते, कामाच्या पाळ्या बदलत्या असतात. मॅरेथॉननंतर दोन आठवडे झाले तरी थकवा जात नाही. धावणे बंद करून नुसते बसावे का?

उत्तर : नुसते बसू नये, परंतु थकवा हा हट्टाने मोडून काढण्याचा विषय नाही. पायांवर शरीराचा भार न येणारा व्यायाम या काळात उत्तम, म्हणजे सपाट रस्त्यावर हलकी सायकल किंवा पोहणे, वीस ते चाळीस मिनिटे. रात्रपाळी करून आल्या दिवशी तेही नको, आधी झोप. झोपेतून उठल्यावर, अंथरुणातच, मनगटावरची नाडी एक मिनिट मोजून वहीत लिहीत जावी. आपल्या नेहमीच्या आकड्यापेक्षा ती आठ-दहा ठोक्यांनी जास्त असेल, तर तो दिवस विश्रांतीचा धरावा.

थकवा दोन आठवड्यांनंतरही तसाच असेल, तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनचीही, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची, तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घ्यावी. लांब अंतर धावणाऱ्या स्त्रियांत लोहाची कमतरता वारंवार आढळते, आणि हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही शरीरातला लोहाचा साठा उतरलेला असू शकतो.

प्रश्न : अमळनेर तालुक्यात माझी शेती आहे. शेतातले काम हाच माझा व्यायाम, असे घरचे म्हणतात. ते बरोबर आहे का? आणि आमच्याकडे थंडीत भरीत पार्ट्या सुरू असतात, तिथे जाऊ का?

उत्तर : घरचे बरोबर बोलतात, फक्त ते काम सरावाच्या हिशेबात धरावे, विश्रांतीच्या नव्हे. गहू-हरभऱ्याला रात्रीच्या विजेवर पाणी देताना बारे मोडत (पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवत) चिखलात चार-पाच तास उभे राहणे हे पोटऱ्यांसाठी चांगलेच कष्टाचे आहे. ज्या रात्री पाणी भरले, त्याच्या दुसऱ्या दिवशी धावू नये.

भरीत पार्टीला अवश्य जावे. शर्यतीनंतर स्नायूंतली ऊर्जा भरून काढायला पिष्टमय पदार्थ आणि झीज भरायला प्रथिने लागतात. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेल्या कळण्याच्या भाकरीत दोन्ही असतात. तिच्या जोडीला दही किंवा ताक घ्यावे. या काळात वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने पोटात जावीत. ६० किलोच्या माणसाला ती ७२ ते ९६ ग्रॅम होतात, आणि शंभर ग्रॅम कोरड्या मूगडाळीत जेमतेम २४ ग्रॅम असतात. म्हणजे एका वाटी वरणावर भागत नाही. शेंगदाणे, दूध, उसळी आणि चालत असतील तर अंडी दिवसभरात वाटून खावीत. थंडीत केळ्याने सर्दी होते, ही समजूत केळीच्या या मुलखातही टिकून आहे याचे मला नवल वाटते. सर्दी विषाणूने होते, केळी खुशाल खावीत. तर्रीची शेवभाजी आणि तेलात पोहणारे भरीत शर्यतीच्या आदल्या रात्री मात्र टाळावे.

प्रश्न : धावल्यावर अंग दुखू नये म्हणून वेदनाशामक गोळी आधीच घेतली तर चालेल का? (चोपडा)

उत्तर : नाही. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या, शरीरातले पाणी कमी झालेले असताना, मूत्रपिंडावर ताण आणतात. शिवाय नडगीच्या हाडावर बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, तर ते हाडाला गेलेल्या बारीक चिरेचे लक्षण असू शकते. गोळीने ते झाकले जाते आणि माणूस त्याच हाडावर पळत राहतो. अशा दुखण्यात धावणे त्या दिवशीच थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्न : मुंबईत पेडर रोडची चढण शेवटच्या टप्प्यात येते, असे ऐकले. मी शहाद्याचा. तयारीसाठी दर रविवारी तोरणमाळच्या घाटात धावू का?

उत्तर : दर रविवारी नको, चौथ्या आठवड्यानंतर एकदा पुरे. पेडर रोडपेक्षा मला मुंबईच्या दमट हवेची काळजी अधिक वाटते. आपल्याकडे जानेवारीत पहाटे कोरडी थंडी असते, घाम लगेच उडून जातो. मुंबईत तो अंगावरच राहतो, शरीर थंड होत नाही आणि त्याच वेगाला नाडी वाढते. शेवटच्या दोन आठवड्यांत चार-पाच वेळा पहाटेऐवजी सकाळी दहाच्या उन्हात हलके धावून पाहावे आणि शर्यतीत पहिले दहा किलोमीटर ठरवल्यापेक्षा सावकाश घ्यावेत. पाणी तहानेप्रमाणे प्यावे. भीतीपोटी ढसाढसा पिऊन रक्तातले मीठ पातळ करून घेऊ नये.

घाटाचे म्हणाल, तर चढापेक्षा उतार अधिक घातक असतो. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो आणि पुण्यात पडलेल्या चिरा त्यानेच पुन्हा उघडतात. त्यामुळे चार-पाच किलोमीटर सावकाश चढावे, आणि खाली यायला एखाद्या मित्राला मोटारसायकल घेऊन आधीच वर बोलावून ठेवावे.