पहिल्यांदा बिसी बेळे भात करताय?

सांगलीत नवी खोली, एक शेगडी, एक कुकर. मग बिसी बेळे भातच कर. कन्नडमध्ये बिसी म्हणजे गरम, बेळे म्हणजे डाळ. एक वाटी इंद्रायणी, पाऊण वाटी तूरडाळ, गाजर, फरसबी, सहा वाट्या पाणी. पाव चमचा हळद; ती आपल्या सांगलीचीच, २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेली. चार-पाच शिट्ट्या. दाणा मोकळा राहावा हा हट्ट इथे सोड, पळीनं घोटला की आसट व्हायला हवा.

चिंच मात्र आधी घालू नकोस. आंबटामुळे डाळ शिजत नाही. मी पहिल्या वेळी कोळ कुकरातच ओतला होता; सात शिट्ट्या झाल्या तरी डाळ दाताखाली कचकच! कुकर उघडल्यावर कोळ, गुळाचा खडा, मीठ, मसाला घालून दहा मिनिटं रटरटू दे.

मसाल्याला धणे, हरभरा डाळ, उडीद डाळ, ब्याडगी मिरची, दालचिनी, लवंग, सुकं खोबरं. डाळी तांबूस होऊन खमंग वास सुटेपर्यंत मंद आचेवर भाज, खोबरं शेवटी. घरून आलेल्या कांदा-लसूण मसाल्याकडे हात जाईल, पण तो घातलास की आमटीभात झाला म्हणून समज. कर्नाटकात यात ‘मराठी मोग्गू’ ही मसाल्याची सुकी कळी घालतात. नाव आपलं, पण आपल्याकडच्या किती डब्यांत ती असते? नसली तरी चालतं.

तुपात मोहरी, हिंग, कढीपत्त्याची फोडणी. निवला की गोळा होतो, तेव्हा उकळतं पाणी घालून सैल कर. वर खारी बुंदी.