शेत विकून अभिमत विद्यापीठाची जागा घ्यावी का? एका शिक्षक पालकाच्या पत्राला उत्तर

आपले पत्र आणि सोबत पाठवलेला वहीच्या पानाचा फोटो, दोन्ही मी सावकाश वाचले. उत्तराकडे वळण्यापूर्वी पत्रातील मजकूर थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर पालकांनाही संदर्भ लागेल. आपण बार्शी तालुक्यातील जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहात, वय ४८ आणि एकूण पगार महिना ८२ हजार. मुलीला २०२५ च्या नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत ७२० पैकी ४३१ गुण मिळाले, खुल्या प्रवर्गातून राज्याच्या दोन फेऱ्यांत एमबीबीएसची जागा लागली नाही. मुलगा आठवीत आहे. आपल्यासमोर चार वाटा आहेत: अभिमत विद्यापीठातील, म्हणजे विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या खासगी (डीम्ड) संस्थेतील एमबीबीएस (वार्षिक शुल्क २४ लाख), खासगी महाविद्यालयात राज्याच्या प्रवेशफेरीतून बीडीएस, म्हणजे दंतवैद्यकाची पदवी (वार्षिक साडेतीन लाख), एका मध्यस्थाने सुचवलेले परदेशातील एमबीबीएस (३५ लाखांचे ‘पॅकेज’), किंवा लातूरला राहून पुन्हा एक वर्ष तयारी. चार एकर वडिलोपार्जित जमिनीला ६० लाख देणारा खरेदीदार तयार आहे आणि तो विसाराची घाई करतो आहे.

त्या वहीच्या पानावर मी बराच वेळ थांबलो. डाव्या बाजूला आपण २४ गुणिले साडेचार, म्हणजे १०८ लाख लिहिले आहेत. उजव्या बाजूला मुदत ठेवी ९, सुकन्या ४, शेत ६०. खाली लाल पेनाने ‘बाकी ३५, कर्ज’ असे लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या आहेत. कोपऱ्यात वेगळ्या अक्षरात, बहुधा वहिनींच्या, ‘होस्टेल?’ एवढाच शब्द आहे. त्या एका शब्दापासूनच मी सुरुवात करतो.

आपण दिलेल्या माहितीपत्रकानुसार वसतिगृह आणि मेस मिळून वर्षाला सव्वातीन लाख लागतील. एमबीबीएस म्हणजे साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची सक्तीची इंटर्नशिप, त्यामुळे हा खर्च साडेपाच वर्षांचा धरावा लागतो. तो सुमारे १८ लाख होतो आणि एकूण रक्कम १ कोटी २६ लाखांवर जाते. आपल्याजवळचे ७३ लाख वजा केले, तर कमी पडणारी रक्कम ३५ नव्हे, ५३ लाख आहे. शुल्कात दरवर्षी वाढ करण्याचे कलम माहितीपत्रकात असेल, तर ती वाढ याच्या वर.

आता या कर्जाचे काय होते ते पाहू. हिशेबाच्या सोयीसाठी कर्ज ५० लाख, व्याज १० टक्के आणि रक्कम पाच वर्षे दरवर्षी १० लाख उचलली असे धरतो. शैक्षणिक कर्जात सर्वसाधारणपणे अभ्यासक्रम संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता सुरू होत नाही, पण व्याज पहिल्या दिवसापासून चालू राहते. सरळव्याजाने धरले तरी साडेसहा वर्षांत ते साडेबावीस लाख होते. म्हणजे परतफेड सुरू होईल त्या दिवशी डोक्यावर ७२ लाख ५० हजार असतील. दहा वर्षांत फेडायचे ठरवले, तर हप्ता महिना सुमारे ९६ हजार, आणि पंधरा वर्षांत फेडायचे ठरवले, तर सुमारे ७८ हजार. आपला आजचा संपूर्ण पगार ८२ हजार आहे. हप्ता सुरू होईल तेव्हा आपण साडेचौपन्न वर्षांचे असाल आणि ५८ व्या वर्षी निवृत्त व्हाल. म्हणजे पंधरा वर्षांच्या परतफेडीतील जेमतेम साडेतीन वर्षेच पगार चालू असेल.

मुलगी डॉक्टर झाल्यावर फेडेल, असे आपण लिहिले आहे. तिच्या मनात ते असेलच, त्याविषयी मला शंका नाही. पण त्या वेळी ती साडेचोवीस वर्षांची असेल आणि तिच्याबरोबरचे बहुतेक जण नीट-पीजीच्या अभ्यासात किंवा पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्या वर्षात असतील. आज केवळ एमबीबीएसवर थांबणारे थोडे. ७८ हजारांच्या हप्त्यासाठी तिला पदव्युत्तर शिक्षण सोडून लगेच नोकरी धरावी लागली, तर ज्या शिक्षणासाठी शेत विकले, तेच अर्धवट राहील.

आणखी एक अडचण आपल्या लक्षात आलेली दिसत नाही. बँका साधारणपणे साडेसात लाखांपर्यंतचे शैक्षणिक कर्ज तारणाशिवाय देतात, त्यापुढे तारण मागतात. आपले घर गावठाणात आहे, मालकीचा कागद म्हणून केवळ ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा, म्हणजे घरपट्टीच्या आकारणीची नोंद आहे, आणि बहुतेक बँका या कर्जासाठी शेतजमीन तारण म्हणून स्वीकारत नाहीत. त्यातही शेत आधीच विकलेले असेल, तर दाखवायला काहीच उरत नाही. म्हणजे पहिल्या तीन वर्षांचे पैसे भरून झाले आणि चौथ्या वर्षाचे कर्ज मंजूर झाले नाही, अशी वेळ खरोखर येऊ शकते. अर्धे शिक्षण झालेली मुलगी आणि विकून झालेले शेत, या दोन्ही गोष्टी मागे घेता येत नाहीत. कोणत्याही आकड्यापेक्षा मला याचीच जास्त काळजी वाटते.

जमिनीबद्दलही स्पष्ट लिहितो. ती वडिलोपार्जित असेल, तर तिच्यात मुलीइतकाच आठवीतल्या मुलाचाही जन्माने हक्क आहे. आज ती सगळी एका शिक्षणात गेली, तर चार वर्षांनी त्याची बारावी होईल तेव्हा त्याच्यासाठी काय शिल्लक असेल, हा प्रश्न घरात आजच मोकळेपणाने बोलला पाहिजे. महाराष्ट्रात शेतजमीन घेणारा शेतकरी असावा लागतो, त्यामुळे सातबाऱ्यावरून नाव पूर्णपणे गेल्यावर पुढच्या पिढीला पुन्हा जमीन घेणे अवघड होते. कराचा मुद्दाही आहे. ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, पण २०११ च्या जनगणनेत बार्शीची लोकसंख्या एक लाखाच्या वर असल्याने नगरपालिकेच्या हद्दीपासून सहा किलोमीटरच्या आतली जमीन त्या सवलतीत बसत नाही. आपण अंतर लिहिलेले नाही, ते सरळ रेषेत मोजून घ्या.

शासनाच्या सवलतींविषयी आपण विचारले आहे. जुलै २०२४ च्या निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क माफ आहे, मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रवेशफेरीतून झालेला असावा लागतो. आपले वार्षिक उत्पन्न ९ लाख ८४ हजार होते, त्यामुळे ती सवलत आपल्याला लागू होत नाही. ‘दाखला कमी उत्पन्नाचा काढता येतो’ असे कोणी सुचवले असल्याचे आपण लिहिले आहे. कृपया त्या वाटेला जाऊ नका. आपला फॉर्म १६ सर्व काही सांगतो, आणि खोट्या दाखल्यावरचा प्रवेश अंतिम वर्षातही रद्द होऊ शकतो.

परदेशाच्या वाटेविषयी थोडक्यात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा, त्याच संस्थेत बारा महिन्यांच्या इंटर्नशिपसह असावा लागतो, आणि त्या पदवीवर त्या देशात तिथल्या नागरिकांप्रमाणेच व्यवसायाचा परवाना मिळायला हवा. परत आल्यावर एफएमजीई ही परदेशी पदवीधारकांसाठीची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते आणि भारतात आणखी एक वर्ष इंटर्नशिप करावी लागते. या परीक्षेच्या प्रत्येक सत्रात बसणाऱ्यांपैकी बहुसंख्य अनुत्तीर्ण होतात, हे मध्यस्थ ३५ लाखांच्या पॅकेजमध्ये सांगत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमधून हजारो मुले शिक्षण अर्धवट सोडून परतली, ते आपण पाहिलेच आहे. आपल्या घरची परिस्थिती पाहता मी ही वाट सुचवत नाही.

आता माझा सल्ला. अभिमत विद्यापीठाची जागा घेऊ नये आणि शेत विकू नये. मुलीची मनापासून इच्छा एमबीबीएसचीच असेल, तर तिला एकच वर्ष द्यावे, आणि त्या वर्षाची रक्कम व शेवट दोन्ही आजच ठरवावे.

हे वर्ष वाया जाईल, असे मला का वाटत नाही ते सांगतो. तिचे जीवशास्त्रात ३६० पैकी २५३, रसायनशास्त्रात १८० पैकी १०० आणि भौतिकशास्त्रात १८० पैकी ७८ गुण आहेत. २०२५ ची प्रश्नपत्रिका, विशेषतः भौतिकशास्त्राची, कठीण होती. देशातील सर्वोच्च गुण ६८६ होते, तर २०२४ मध्ये ते ७२० होते. म्हणून ४३१ या आकड्याची तुलना मागच्या वर्षीच्या कोणाच्याही गुणांशी करू नका, केवळ गुणवत्ता क्रमांक पाहा. खुल्या प्रवर्गात यंदा १४४ गुणांवर पात्रता मिळाली आणि १२ लाखांहून अधिक मुले पात्र ठरली, पण देशातील एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपासच आहेत. पात्र होणे आणि जागा मिळणे यांत एवढे अंतर आहे. तिची कमतरता मुख्यतः एका विषयात आहे, आणि एका विषयातली कमतरता वर्षभरात भरून निघू शकते. तिन्ही विषयांत सारखेच कमी गुण असते, तर मी कदाचित वेगळे लिहिले असते.

लातूरचा क्लास, खोली आणि मेस मिळून आपण अडीच लाखांचा अंदाज दिला आहे. तो मुदत ठेवींमधून करावा आणि एवढीच मर्यादा ठेवावी. डिसेंबरअखेरच्या सराव परीक्षांत भौतिकशास्त्र १२० च्या पुढे गेलेले नसेल, तर बीडीएस, बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी) आणि फिजिओथेरपी यांचा विचार तेव्हाच गांभीर्याने सुरू करावा. हे सर्व प्रवेश नीटच्याच गुणांवर होतात. दुसऱ्यांदा पुनरावृत्ती नको, हे तिच्याशी आजच, प्रेमाने, पण स्पष्ट बोलून घ्या.

पुढच्या वर्षी किती शुल्काची जागा घ्यायची, हेही निकालाआधी ठरलेले असावे, कारण प्रवेशफेरीच्या धांदलीत माणूस स्वतःशीच घासाघीस करू लागतो. आपल्या घरासाठी मी ती मर्यादा अशी काढली आहे. ९ लाखांच्या ठेवींतून ३ लाख अडीअडचणीसाठी बाजूला ठेवले आणि लातूरचे अडीच लाख वजा केले, की साडेतीन लाख उरतात. सुकन्या खात्यात साडेसात लाख आहेत, मुलगी १८ वर्षांची असल्याने त्यातील निम्म्यापर्यंत, म्हणजे पावणेचार लाख (आपल्या वहीतले ‘४’) शिक्षणासाठी काढता येतील. आपण महिन्याला १८ हजार शिल्लक टाकता, पाच वर्षांत ते १० लाख ८० हजार होतात. तारणाशिवायचे कर्ज साडेसात लाख. ही बेरीज साडेपंचवीस लाखांची झाली. त्यापुढे अगदी गरज पडलीच, तर चारपैकी एक एकर, साधारण १५ लाखांची, विकावी आणि तीन एकर राखावी. म्हणजे वरची मर्यादा ४० लाख. त्यातून साडेपाच वर्षांचा राहण्याचा व जेवणाचा खर्च, वर्षाला दीड लाख धरून, सव्वाआठ लाख वजा केला, की शुल्कासाठी वर्षाला सात लाख उरतात. खासगी महाविद्यालयांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि जाहीर करते, ती यादी आतापासून जवळ ठेवा. सात लाखांपर्यंतच्या शुल्काची जागा लागली, तर निःशंकपणे घ्या. शासकीय जागा लागली, तर पदवीनंतर एक वर्षाच्या सेवेचा बाँड असतो, त्याला घाबरू नका, ती पगारी सेवा आहे.

साडेसात लाखांच्या कर्जाचा बोजा, वरच्याच पद्धतीने मोजला, तर परतफेडीच्या वेळी सुमारे १० लाख ९० हजार होतो आणि दहा वर्षांचा हप्ता सुमारे साडेचौदा हजार येतो. हा हप्ता मुलगी स्वतः फेडू शकेल. ९६ हजारांचा हप्ता तिला किंवा आपल्याला झेपणार नाही.

बीडीएसबद्दल वहिनींनी वेगळ्या ओळीत विचारले आहे की ती डॉक्टरकी कमी प्रतीची आहे का. मुळीच नाही. चार वर्षांचे शुल्क १४ लाख, पाच वर्षांचा राहण्याचा खर्च ६ लाख आणि शिकताना स्वतः घ्यावी लागणारी उपकरणे धरली, तरी एकूण २१ लाखांच्या आत बसते, म्हणजे शेताला हात न लावता. मात्र पदवीनंतर सुरुवातीचे पगार फार कमी असतात, आणि स्वतःचा दवाखाना काढायचा, तर खुर्ची, कॉम्प्रेसर, ऑटोक्लेव्ह आणि एक्स-रेचे यंत्र यांसाठी पुन्हा भांडवल लागते. तो दुसरा खर्च आजच लक्षात घेतला पाहिजे. मुलीला दंतवैद्यकाची खरोखर ओढ असेल, तर यंदाच प्रवेश घ्यावा. केवळ एमबीबीएस मिळाले नाही म्हणून घेणार असेल, तर वर्षभरात तिचे मन पुन्हा नीटकडे ओढले जाईल आणि मधूनच जागा सोडली, तर उरलेल्या वर्षांचे शुल्क मागितले जाऊ शकते. तिला एखाद्या दंतवैद्याच्या दवाखान्यात दोन दिवस बसून काम पाहू द्या. तिचे उत्तर तिथेच कळेल.

आणखी दोन कामे याच महिन्यात करावीत. आपल्या नावावर मुदत विमा नाही, तो किमान ७५ लाखांचा घ्या, कारण वरचा सगळा हिशेब आपल्या पगारावर उभा आहे. नव्या पेन्शन योजनेतून शिक्षणासाठी स्वतःच्या योगदानाच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येते, हे खरे असले तरी तिला हात लावू नका.

अभिमत विद्यापीठांच्या फेरीसाठी आपण दोन लाखांची अनामत भरली आहे, असे पत्रात आहे. पहिल्या फेरीनंतर मिळालेली जागा नाकारली, तर ती जप्त होऊ शकते. म्हणून पुढच्या फेरीत पसंतीक्रम भरण्यापूर्वीच निर्णय करा, आणि जागा घ्यायचीच नसेल, तर पसंती भरूच नका. खरेदीदाराकडून विसार अजून घेतलेला नसेल, तर घेऊ नका, आणि त्याला तसे आज संध्याकाळीच फोन करून सांगा.