बेसिक मॉडेलच्या इलेक्ट्रिक कारमध्ये ४६,५०० रुपयांची साउंड सिस्टिम बसवावी का?

सप्रेम नमस्कार,

आपल्या पत्राचा गोषवारा आधी देतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. आपण चिंचवडला राहता आणि चाकणच्या एका कारखान्यात नोकरी करता. हातात येणारा पगार ६२,००० रुपये, घरखर्च साधारण ३५,००० रुपये, फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच वर्षांच्या कर्जावर घेतलेल्या छोट्या इलेक्ट्रिक कारचा हप्ता १३,५०० रुपये आणि म्युच्युअल फंडातील एसआयपी दरमहा ४,००० रुपये. अडीअडचणीसाठी बँकेत ७०,००० रुपये ठेवलेले आहेत. गाडी बेसिक मॉडेलची असल्याने कंपनीने दिलेल्या चार स्पीकरचा आवाज पोकळ आणि किंचित चिरका वाटतो. दुकानदाराने पुढचे-मागचे नवे स्पीकर, ॲम्प्लिफायर (आवाजाची शक्ती वाढवणारे यंत्र) आणि सबवूफर (खर्जासाठीचा वेगळा मोठा स्पीकर) मिळून ४६,५०० रुपयांचा अंदाज दिला असून क्रेडिट कार्डावर बारा हप्त्यांची सोयही सुचवली आहे. हे हप्ते भरण्यासाठी वर्षभर एसआयपी थांबवावी का, असा आपला प्रश्न आहे, आणि घरच्यांना ही उधळपट्टी वाटते, असेही आपण लिहिले आहे.

मला ती उधळपट्टी वाटत नाही. भोसरी आणि मोशीच्या कोंडीतून जाता-येता आपले रोजचे दोन तास गाडीत जातात, म्हणजे महिन्याला पन्नास तास. त्या वेळात शास्त्रीय गायन ऐकणे ही आपली एकमेव चैन असेल, तर त्यावर बेताने खर्च करण्यात गैर काही नाही. वर्षभर थांबवलेल्या एसआयपीचे ४८,००० रुपये दहा टक्के दराने पंधरा वर्षांत दोन लाख झाले असते, हे गणित बरोबर आहे. मात्र केवळ त्या गणिताच्या आधारे नकार द्यायचा ठरवले, तर घरात साधी खुर्चीसुद्धा घेता येणार नाही. माझा आक्षेप ४६,५०० रुपयांच्या पॅकेजला आहे, आणि त्याहून अधिक ते हप्त्यावर घेण्याला आहे.

आधी हप्त्यांचे पाहू. कार्डाच्या ईएमआयवर १५ टक्के व्याज धरले तर महिन्याचा हप्ता सुमारे ४,२०० रुपये येतो आणि वर्षभरात साधारण ३,९०० रुपये व्याज जाते. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि वर प्रोसेसिंग फी. एक जरी हप्ता चुकला, तरी थकीत रकमेवर कार्डाचा नेहमीचा दर लागतो, जो बहुतेक बँकांत महिन्याला तीन टक्क्यांच्या वरच असतो. आपला आपत्कालीन निधी घरखर्च आणि गाडीचा हप्ता धरून जेमतेम दीड महिन्याचा आहे. कारखान्यात काम कमी झाले किंवा घरात आजारपण आले, तर सर्वात आधी हाच हप्ता चुकेल. तो निधी निदान चार महिन्यांच्या खर्चाइतका होईपर्यंत नवे कर्ज अंगावर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता पॅकेजकडे वळू. बेसिक मॉडेलमधील स्पीकरना सहसा हलका कागदी शंकू (कोन) आणि लहान चुंबक असतो, आणि बऱ्याचदा उंच स्वरांसाठीचा वेगळा छोटा स्पीकर, म्हणजे ट्विटर, नसतो. आपल्याला जाणवणारा पोकळपणा मुख्यतः तेथून येतो. ॲम्प्लिफायर नसल्यामुळे नव्हे. हेड युनिटवर (डॅशबोर्डवरच्या म्युझिक सिस्टिमवर) ४५ किंवा ५० वॉट लिहिलेले असले तरी ते सलग देऊ शकते ती शक्ती प्रत्येक स्पीकरमागे साधारण १५ ते २० वॉट असते. म्हणून नवे स्पीकर घेताना खोक्यावरचा ३०० वॉटचा ठळक आकडा पाहू नये. आरएमएस शक्ती (सलग पेलता येणारी शक्ती) आणि सेन्सिटिव्हिटी (ठरावीक शक्तीत स्पीकर किती मोठा वाजतो ते) पाहावी. सेन्सिटिव्हिटी तीन डेसिबलने जास्त असलेला स्पीकर निम्म्या शक्तीत तेवढाच मोठा आवाज देतो, त्यामुळे ९० डेसिबल किंवा त्याहून अधिक सेन्सिटिव्हिटीची, चार ओहम रोधाची जोडी हेड युनिटवरच समाधानकारक चालते. मागच्या दारांचे स्पीकर बदलण्याची गरज नाही, कारण रोजच्या प्रवासात आपण एकटेच आणि पुढेच बसता.

ॲम्प्लिफायरबाबत इलेक्ट्रिक कारच्या मालकाने अधिक सावध राहावे. तो गाडीच्या मोठ्या बॅटरीवर थेट चालत नाही. त्याची वायर लहान १२ व्होल्टच्या बॅटरीवरून ओढतात, आणि ती बॅटरी डीसी-डीसी कन्व्हर्टर या व्होल्टेज कमी करणाऱ्या उपकरणामार्फत मोठ्या बॅटरीतून चार्ज होते. जोडणी सदोष असेल आणि गाडी बंद असतानाही ॲम्प्लिफायर थोडाथोडा करंट ओढत राहिला, तर १२ व्होल्टची बॅटरी उतरते आणि मोठी बॅटरी पूर्ण भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. शिवाय कंपनीची वायरिंग कापली, तर पुढे त्याच्याशी संबंधित बिघाडात वॉरंटी नाकारली जाण्याची शक्यता असते, आणि आपल्या गाडीच्या वॉरंटीची काही वर्षे अजून शिल्लक आहेत. (गाडीची रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये जाण्याचे अंतर, कमी होईल ही आपली भीती मात्र सोडून द्यावी. ५० वॉट सलग आठ तास वापरले तरी ०.४ युनिट खर्च होते.)

त्यामुळे माझा सल्ला असा. पुढच्या दोन दारांसाठी कॉम्पोनंट स्पीकरची (ज्यात मुख्य स्पीकर आणि ट्विटर वेगवेगळे असतात) एक चांगली जोडी घ्यावी आणि त्याच वेळी त्या दारांच्या पत्र्याला आतून ब्युटाइल रबराचे, थरथर शोषणारे डॅम्पिंग शीट लावून घ्यावे. इंजिनाचा आवाज नसलेल्या गाडीत दाराच्या पत्र्याची थरथर आणि टायरचा आवाज अधिक जाणवतो, म्हणून पैशाच्या मानाने सर्वाधिक फरक या शीटमुळे पडतो. आपल्या मॉडेलसाठी तयार कपलर (कंपनीच्या वायरला थेट बसणारा जोड) मिळतो का, ते दुकानात आधी विचारावे. तो असेल तर एकही वायर कापावी लागत नाही. हे सगळे मजुरीसह दहा ते बारा हजार रुपयांत बसायला हवे. दाराचे पॅनेल काढताना आतला पातळ प्लास्टिकचा पडदा फाटू न देता काढला जातो का आणि परत नीट चिकटवला जातो का, हे स्वतः उभे राहून पाहावे, कारण काचेवरून दारात उतरणारे पावसाचे पाणी तोच पडदा अडवतो.

पैसे जमेपर्यंत एक बिनखर्चाचा प्रयोग करावा. हेड युनिटमधील बास आणि ट्रेबल मध्यावर आणावेत, आवाजाचा तोल थोडा पुढच्या स्पीकरकडे घ्यावा, मोबाइलच्या ॲपमधील डेटा सेव्हर बंद करून उच्च दर्जाचा पर्याय निवडावा आणि तेच गाणे पेन ड्राइव्हवरून लावून पाहावे. एवढ्यानेच समाधान झाले तर उत्तम.

एसआयपी थांबवू नये. सर्व खर्च वजा जाता आपल्याकडे महिन्याला ९,५०० रुपये उरतात, असे आपल्याच आकड्यांवरून दिसते. त्यातील ४,००० रुपये तीन महिने वेगळ्या खात्यात टाकले की स्पीकरचे पैसे उभे राहतात, आणि नंतर तीच रक्कम आपत्कालीन निधीत जमा करत राहावी. स्पीकरऐवजी कर्जाची अंशतः परतफेड करावी का, असेही आपण ओझरते विचारले आहे. आपले कर्ज ३१ मार्च २०२३ पूर्वी मंजूर झालेले असल्याने जुन्या करप्रणालीत त्याच्या व्याजावर आयकरात वजावट मिळते. कर्जाच्या शेवटच्या टप्प्यात हप्त्यातील व्याजाचा वाटा तसाही कमी झालेला असतो, म्हणून मी निधी वाढवण्याला प्राधान्य देईन.

विम्याचा खर्चही हिशोबात धरावा. कंपनीने न बसवलेली विद्युत उपकरणे पॉलिसीत स्वतंत्रपणे नोंदवावी लागतात आणि त्यांच्या किमतीच्या चार टक्के प्रीमियम अधिक जीएसटी पडतो. ४६,५०० रुपयांच्या पॅकेजवर ही रक्कम पहिल्या वर्षी सुमारे २,२०० रुपये झाली असती. ८,००० रुपयांच्या जोडीवर ती ४०० रुपयांच्या आत राहते. दुकानातून मॉडेल नंबरसह पक्के बिल घ्यावे आणि नूतनीकरणाच्या वेळी ते विमा कंपनीला द्यावे. काढलेले जुने स्पीकर दुकानात सोडून न देता घरी आणून ठेवावेत. गाडी विकताना नव्या स्पीकरचे वेगळे पैसे सहसा मिळत नाहीत, तेव्हा जुने परत बसवून नवी जोडी पुढच्या गाडीसाठी वापरता येईल.