अमेरिकेच्या टॅरिफमुळे आपल्याकडे चीनबद्दलचं मत बदललं का?

थोडं बदललं, पण चीनवर प्रेम जडलं असं नाही. अमेरिकेवरचा भरवसा उडाला. जून 2020 मध्ये गलवानला चिनी सैन्याशी चकमक झाली तेव्हा 59 चिनी अ‍ॅप्सवर बंदी आली आणि ‘चिनी माल नको’ सुरू झालं. मुंबईच्या लोहार चाळीतल्या बाजारात दिव्यांच्या माळा, चार्जर मात्र चिनीच विकले जात होते (बहिष्कार बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपवरच होता). ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने आपल्या मालावरचं टॅरिफ, म्हणजे आयात शुल्क, 50 टक्क्यांवर नेलं. त्यातले 25 टक्के आपण रशियन तेल घेतो म्हणून. तेच तेल चीन आपल्यापेक्षा जास्त घेत होता, त्याला हा दंड लागला नाही. लोकांना झोंबलं ते हे.

अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रातले दागिने मोठ्या प्रमाणावर अमेरिकेला जातात. तिथल्या कारागिराला ते टॅरिफ म्हणजे ओव्हरटाइम बंद होता. त्याचा राग साहजिकच वॉशिंग्टनवर निघाला. त्याच ऑगस्टच्या अखेरीस मोदी चीनमधल्या तिआनजिनला गेले, ऑक्टोबरमध्ये चीनची थेट विमानं पुन्हा सुरू झाली, आणि फारशी ओरड झाली नाही. 2020 साली हे खपलं नसतं.

तरी मुलाला शिकायला कुठे पाठवाल विचारा, दादर-पार्ल्यात उत्तर अजून अमेरिकाच येतं. सीमेवर काही झालं की चीनवरचा राग आठवड्यात परत येईल.