थायलंडात इंग्लिश शिकवायला जायचंय, एजंट अडीच लाख मागतोय

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी मिरजेची, वय २७, एमए बीएड इंग्लिश. इथे एका प्रायव्हेट शाळेत शिकवते पण पगार १४ हजार, तोही वेळेवर नाही. एक एजंट म्हणतो थायलंडमध्ये टीचरचा जॉब लावून देतो, अडीच लाख द्या, आत्ता टुरिस्ट म्हणून जा, तिकडे महिन्याभरात वर्क व्हिसा होतो. आई म्हणते पाटल्या मोडू. आणि आपण काही नेटिव्ह स्पीकर नाही, मग खरंच घेतात का?

उत्तर : पाटल्या आधी परत कपाटात ठेवा. व्हिसाचे कागद शाळा देते, एजंट नाही. सरळ मार्ग असा की व्हिडिओ कॉलवर इंटरव्ह्यू होतो, शाळा ऑफर लेटर आणि स्वतःचे नोंदणीचे कागद पाठवते, त्यावर तुम्ही भारतातूनच नॉन-इमिग्रंट बी म्हणजे नोकरीसाठीचा व्हिसा काढता, मग तिथे पोचल्यावर वर्क परमिट. बी व्हिसा हाताशी आला म्हणजे शिकवायला मोकळे असं नाही हां, तो सुरुवातीला ९० दिवसांचा असतो आणि तेवढ्यात परमिट होऊन मुक्काम वाढवून घ्यावा लागतो. टुरिस्ट म्हणून जाऊन तिकडे व्हिसा बदलणारे आहेत, पण तोवर वर्गात उभं राहिलात तर ते बेकायदा काम, पकडलं तर दंड आणि थेट परत पाठवणी, आणि तेव्हा एजंट फोन उचलत नसतो.

नेटिव्हचं म्हणाल तर थायलंडात फिलिपिनो टीचर ढिगाने आहेत, भारतीयही आहेत. फक्त नॉन-नेटिव्हकडे बहुतेक ठिकाणी टोइक या इंग्रजीच्या परीक्षेचा ६०० स्कोअर मागतात, आणि पगार गोऱ्यांपेक्षा कमी देतात, हे मला पटत नाही पण आहे तसं आहे. शाळेत शिकवायला खुरुसपा म्हणजे तिथल्या शिक्षक परिषदेचं लायसन्स किंवा तात्पुरती परवानगी लागते, ती शाळाच मागवते, तिथे तुमचं बीएड कामाला येईल. त्यांचं वर्ष मेच्या मध्याला सुरू होतं, म्हणून अर्ज फेब्रुवारी-मार्चपासून टाका.

आता कागद. सगळ्यात जास्त गाडी अडते ती नावावर. आपल्या युनिव्हर्सिटीच्या डिग्रीवर आडनाव आधी, मग स्वतःचं, वडिलांचं, कधी आईचंही, आणि पासपोर्टवर वेगळंच, त्यात लग्नानंतर नाव बदललं असेल तर बघायलाच नको. तिकडच्या क्लार्कला ही दोन वेगळी माणसं वाटतात, तेव्हा अ‍ॅफिडेव्हिट आत्ताच करून ठेवा. दुसरं, पदवीदान समारंभाची खरी डिग्री काढलीये ना? नुसत्या मार्कशीटवर बरेच जण वर्षानुवर्षं बसून असतात. डिग्रीवर परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का पुरेल की थाई वकिलातीचाही लागेल हे शाळेला मेलवर विचारा. पोलिस क्लिअरन्स पासपोर्ट सेवाच्या साइटवर, फी ५०० रुपये.

आणि तो एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का बघा. नोंदणीकृत एजंटला ३० हजार अधिक जीएसटी एवढीच फी घेता येते, तीही पावती देऊन, मग अडीच लाख कसले? २०२२ मध्ये थायलंडच्या जॉबच्या नावाखाली आपल्या पोरांना म्यानमारमध्ये नेऊन डांबलं होतं, सरकारने तेव्हा जाहीर इशारा दिला होता. ते आयटीवाले होते, पण बोलावण्याची पद्धत हीच.

प्रश्न : मी नाशिकचा, बीए झालंय, १२० तासांचा ऑनलाइन टीईएफएल म्हणजे परदेशात इंग्लिश शिकवण्याचा कोर्स केलाय. कोरिया किंवा जपान जमेल का?

उत्तर : कोरियाचा ई-२ म्हणजे भाषा शिकवण्यासाठीचा व्हिसा एरवी अमेरिका, ब्रिटन, कॅनडा अशा सातच देशांच्या नागरिकांना मिळतो. २०१० च्या भारत-कोरिया कराराने भारतीयांना सरकारी शाळांत असिस्टंट म्हणून जायची वाट उघडली, पण त्याला टीचिंगची पदवी लागते, म्हणजे तुमच्यासाठी सध्या बंदच. जपानच्या लँग्वेज स्कूलमध्ये नॉन-नेटिव्हचं १२ वर्षांचं शिक्षण इंग्रजीतून झालंय का हे बघतात. दहावीपर्यंत मराठी मीडियम असेल तर कोर्सची फी आणखी कुठे भरायच्या आधी बीएडचा फॉर्म भरा.